तळघरात पेलेट फर्नेस : निवड कशी कराल?

न्यू हॅम्पशायर, मेन, व्हरमाँट किंवा पश्चिम मॅसॅच्युसेट्समधल्या एखाद्या गावात तुमचं घर आहे. रस्त्यावरून गॅसची लाइन गेलेली नाही, तळघरात ऑइलची टाकी आहे, आणि जानेवारीत टँकर दारात येऊन गेला की बिल बघून पोटात गोळा येतो. तर मग या, टेबलाशी बसा. आज आपण लाकडी पेलेटवर चालणारी फर्नेस निवडू. एकेक पाऊल टाकू, क्रम सोडायचा नाही.

पेलेट म्हणजे काय, ते एका वाक्यात सांगते. गुरांना घालतात त्या गोळीपेंडीसारख्या दिसणाऱ्या, साधारण ६ मिलिमीटर जाडीच्या, लाकडाचा भुसा दाबून केलेल्या कांड्या. त्या हॉपरमध्ये ओतायच्या, मग फिरतं मळसूत्र थोड्या थोड्या जाळाच्या वाटीत टाकत राहतं. बंबात लाकडं सारतो तसंच, फक्त इथे सारण्याचं काम यंत्र करतं.

हाताशी घ्या : ऑइलची गेल्या दोन वर्षांची सगळी बिलं, मोजपट्टी, वही, कॅल्क्युलेटर, फोन आणि रंगकामाची चिकटपट्टी. सुरुवात एप्रिल-मेमध्ये करा. ऑक्टोबरात सगळ्यांनाच थंडीची आठवण होते आणि बसवून देणाऱ्यांच्या वहीत रिकामी तारीख मिळत नाही.

आधी घर

१. घराबाहेर चक्कर मारून गॅसचा मीटर आहे का ते पाहा. नैसर्गिक गॅस घरात येत असेल तर इथेच थांबा. पैशाच्या हिशेबात पेलेट त्याच्यापुढे सहसा टिकत नाही. ऑइल, प्रोपेन किंवा साध्या विजेच्या हीटरवर घर तापत असेल तर पुढे चला.

२. खोल्यांमध्ये ऊब कुठून येते ते शोधा. जमिनीत किंवा भिंतीत जाळ्या आहेत आणि त्यांतून गरम हवा येते? मग घरात डक्ट आहेत, फर्नेस तुमच्यासाठीच आहे. भिंतीच्या कडेने पत्र्याच्या लांब पेट्या किंवा जुने लोखंडी रेडिएटर आहेत? मग घरात गरम पाणी फिरतं, तुम्हाला पेलेट बॉयलर लागेल. यांतलं काहीच नसेल तर बैठकीच्या खोलीत ठेवायचा पेलेट स्टोव्ह पाहा. सावधान : बोलताना लोक तिन्हींना सरसकट ‘फर्नेस’ म्हणतात. दुकानात पाय ठेवताच पहिला प्रश्न विचारा, “हे हवा तापवतं की पाणी?” इथे चूक झाली तर पुढचा सगळा खर्च वाया.

इथून पुढे तुमच्या घरात डक्ट आहेत असं धरते. बॉयलर किंवा स्टोव्ह घेणाऱ्यांनाही बहुतेक पायऱ्या तशाच लागू पडतील. फक्त डक्टची पायरी सोडून द्या.

३. घरातल्या फटी बुजवून घ्या. माळ्यावरचं इन्सुलेशन, तळघराच्या भिंतीवर जिथे लाकडी चौकट बसते तो सांधा आणि माळ्याचं झाकण या तीन जागा आधी. जमलं तर दारात पंखा लावून घराची गळती मोजणारी ब्लोअर डोअर चाचणी करून घ्या. हे काम यंत्राच्या आधीच व्हायला हवं. फर्नेस घेऊन मग फटी बुजवल्या तर तीच फर्नेस घरासाठी मोठी ठरते, आणि मोठी फर्नेस किती त्रास देते ते सातव्या पायरीवर कळेल.

मग हिशेब

४. वर्षाला किती ऑइल जळतं ते काढा. दोन वर्षांच्या बिलांवरचे गॅलन मिळवा आणि दोनाने भागा. अंघोळीचं पाणीही ऑइलवरच तापत असेल तर जून, जुलै, ऑगस्टमध्ये जळलेले गॅलन घ्या, त्याला चाराने गुणा आणि तेवढे वजा करा, कारण फर्नेस पाणी तापवणार नाही. उदाहरण पाहा : वर्षाला ८२० गॅलन, उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत ३०. म्हणजे पाण्याचे १२० गेले, घर तापवायला उरले ७००. सावधान : पहिल्या बिलाच्या दिवशी टाकी काठोकाठ भरली होती का ते पाहा. अर्धवट भरलेल्या टाकीवरून केलेला हिशेब फसवतो.

५. उरलेल्या गॅलनना १२० ने भागा. एक टन पेलेट आणि १२० गॅलन ऑइल यांतून साधारण सारखीच ऊब मिळते. आपल्या उदाहरणात ७०० भागिले १२०, म्हणजे जवळजवळ ६ टन. इथला टन २,००० पौंडांचा, पिशवी ४० पौंडांची, एका टनात ५० पिशव्या. सहा टन म्हणजे ३०० पिशव्या, आणि प्रत्येक पिशवी १८ किलोची. हा आकडा घरात सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवा. पिशव्या कोण उचलणार, जिना कोण उतरणार, कंबर कोणाची धड आहे, हे आज ठरलं तर जानेवारीत भांडण होणार नाही.

६. पेलेटचा भाव ऑइलच्या भावाशी ताडून पाहा. एका टनाचा घरपोच भाव घ्या आणि १२० ने भागा. टन ३६० डॉलरला असेल तर उत्तर आलं ३ डॉलर. तुमच्या गावात ऑइल गॅलनला ३ डॉलरपेक्षा बरंच महाग असेल तरच पुढचा खटाटोप करा. हीट पंपाचाही विचार चालू असेल तर आणखी एक ओळ लिहा : एका टन पेलेटइतकी ऊब द्यायला चांगल्या हीट पंपाला साधारण १,५०० युनिट वीज लागते. तुमच्या युनिटचा दर २५ सेंट असेल तर ते झाले ३७५ डॉलर. आता दोन्ही आकडे शेजारी ठेवा आणि शांतपणे पाहा. सावधान : हार्डवेअरच्या दुकानात सुटी मिळणारी पिशवी हिशेबात धरू नका, घरपोच टनाचाच भाव धरा.

७. कडाक्याच्या थंडीत घराला ताशी किती उष्णता लागते ते काढा. घाबरू नका, एकच गुणाकार आहे. चौथ्या पायरीतले गॅलन घ्या आणि ४३ ने गुणा. ७०० गुणिले ४३, म्हणजे सुमारे ३०,००० बीटीयू. हा ४३ काँकॉर्डसारख्या गावाच्या हवेसाठी आहे, जिथे कडाक्याची रात्र म्हणजे शून्य फॅरनहाइट, आपल्या मापात उणे १८ सेल्सियस. त्यात ऑइलची जुनी यंत्रणा ८० टक्के कार्यक्षम धरली आहे.

उत्तर पाहून तुम्ही चमकाल, कारण भिंतीशी बसलेल्या जुन्या ऑइल फर्नेसवर बहुधा १,००,००० किंवा त्याहून मोठा आकडा छापलेला असतो. तो पाहून तेवढीच पेलेट फर्नेस मागू नका. या खरेदीत सगळ्यात जास्त होणारी चूक हीच आहे. गरजेपेक्षा मोठी फर्नेस पाच-दहा मिनिटं भडकते, घर तापतं, ती विझते, पुन्हा पेटते. दर पेटवणीला धूर, दर विझवणीला काजळी, आणि जाळ पेटवणारी विजेची कांडी (इग्नाइटर) दोन हिवाळ्यांत जळून जाते. नेमका आकडा हवा असेल तर बसवणाऱ्याकडून ‘मॅन्युअल जे’ पद्धतीचा हिशेब मागा. तो आणि तुमचा गुणाकार जवळपास जुळले पाहिजेत. थोडं वर जायचं तर ३०,००० च्या जागी ४०,००० घ्या, ९०,००० नको.

८. फर्नेसच्या पत्रकावर सगळ्यात कमी उष्णतेचा आकडा शोधा. ऑक्टोबर आणि एप्रिलमध्ये तुम्हाला कमाल गरजेच्या एक चतुर्थांशच लागेल. मंद जाळावर तासन्‌तास शांत चालणारी फर्नेसच चांगली. सावधान : पत्रकावरचा मोठा आकडा बऱ्याचदा आत जाणाऱ्या इंधनाचा असतो, खोलीत येणाऱ्या उबेचा नसतो. ५०,००० लिहिलं असेल आणि कार्यक्षमता ८० टक्के असेल, तर घरात येणार ४०,०००.

९. हॉपर किती पौंडांचा ते लिहा. शून्य अंशाच्या दिवशी आपल्या उदाहरणातलं घर चोवीस तासांत ११० पौंडांच्या आसपास पेलेट खाईल, म्हणजे पावणेतीन पिशव्या. हॉपर १२० पौंडांचा किंवा मोठा असेल तर दिवसातून एकदा भरून भागतं. ६० पौंडांचा असेल तर सकाळ-संध्याकाळ दोनदा भरावा लागेल.

जागा आणि धुराडं

१०. तळघरात फर्नेसची जागा चिकटपट्टीने आखा. पत्रकातली लांबी-रुंदी जमिनीवर जशीच्या तशी उतरवा. मग भिंतीपासून आणि जळाऊ वस्तूंपासून सोडायचं अंतर आखा, आणि राखेचा ट्रे पूर्ण बाहेर ओढता येईल अशी जागा समोर सोडा. आता आखलेल्या चौकोनाभोवती स्वतः फिरा. खांदे भिंतीला घासत असतील तर झाडू-पुसणी जमणार नाही, आणि न झाडलेली फर्नेस फार दिवस चालत नाही. सावधान : तळघरात उतरायचं बाहेरचं तिरकं दार, ज्याला इथे बल्कहेड म्हणतात, त्याची रुंदीही आजच मोजा. फर्नेस दारात अडकली तर परत पाठवण्याचा खर्च तुमच्या माथी.

११. डक्टचे फोटो काढा. मुख्य पेटी, तिथून निघणाऱ्या फांद्या, परत येणाऱ्या हवेची वाट, सगळं टिपा. जुनी ऑइल फर्नेस तशीच ठेवून पेलेट फर्नेस तिच्या शेजारी जोडता येते. पण एकीची हवा दुसरीत उलटी शिरू नये म्हणून मध्ये झडप लागते. सावधान : त्याच डक्टमध्ये एसीची कॉइल असेल तर ती फोटोत स्पष्ट दिसू द्या. गरम हवेची जोडणी तिच्या कुठल्या बाजूला करायची, हे बसवणाऱ्याने आधी ठरवलं पाहिजे.

१२. धुराचा रस्ता कागदावर काढा. फर्नेसच्या मागून पाइप निघेल, भिंतीतून किंवा जुन्या चिमणीतून बाहेर जाईल. आता मोजा. आडव्या पाइपाच्या प्रत्येक फुटाला १ गुण, उभ्या फुटाला अर्धा, काटकोनी वळणाला किंवा टी-जोडाला ५, अर्ध्या वळणाला ३. समजा एक टी, ६ फूट उभा पाइप, एक काटकोन आणि ३ फूट आडवा पाइप : ५ + ३ + ५ + ३ = १६. बेरीज १५ च्या वर गेली की सहसा ३ इंची पाइप चालत नाही, ४ इंची घ्यावा लागतो. तुमच्या फर्नेसच्या पुस्तिकेत वेगळं लिहिलं असेल तर पुस्तिकेचंच ऐका. सावधान : ऑइल फर्नेसचा धूर जातो त्याच नळीत पेलेटचा पाइप जोडायचा नाही, दोघांना दोन वेगळ्या वाटा हव्यात. कोणी “चालतं हो” म्हणालं तर त्या माणसाला काम देऊ नका.

१३. पाइपाचं बाहेरचं तोंड कुठे येईल तिथे जाऊन उभे राहा. उघडणारी खिडकी किंवा दार त्याच्या बाजूला किंवा वर ४ फुटांच्या आत आहे का? लाकडी डेक आहे का? आणि मुख्य म्हणजे बर्फ. मागच्या हिवाळ्यात तिथे किती साचला होता ते आठवा, छपरावरून घसरून पडणाराही धरा. तोंड त्याच्या वर राहिलं पाहिजे. बर्फाने तोंड बंद झालं तर धूर घरात येईल.

१४. जळणाला लागणारी हवा बाहेरून आणायची सोय आहे का ते विचारा. हिला ‘आउटसाइड एअर किट’ म्हणतात. आपल्या घरांत ही जास्तच लागते. फोडणी पडली की आपण चुलीवरचा मोठा पंखा पूर्ण जोरात लावतो, आणि फटी बुजवलेल्या घरातून तो हवा खेचायला लागला की ती फर्नेसच्या वाटेनेही येऊ पाहते. जाळ मंदावतो, काच काळी होते, कधी तळघरात धुराचा वास येतो. स्वतंत्र नळीने बाहेरची हवा दिली की हा त्रास निघून जातो. मोबाइल होम असेल तर ही नळी सक्तीचीच आहे.

१५. वीज गेली तर काय, याचं उत्तर लिहून ठेवा. मळसूत्र, पंखे, पेटवणारी कांडी, सगळं विजेवर चालतं. पेटवणीच्या काही मिनिटांत ३००-४०० वॉट लागतात, पुढे कमी, पण डक्टमधल्या मोठ्या पंख्याचे वॉट त्यात मिळवा. घरी जनरेटर असेल तर प्रश्न मिटला. बॅटरी घेणार असाल तर ‘प्युअर साइन वेव्ह’ इन्व्हर्टर मागा, स्वस्त इन्व्हर्टरवर फर्नेसचं कंट्रोल बोर्ड नीट चालत नाही.

१६. पेलेट ठेवायची जागा ठरवा. एका टनाची चळत साधारण ४ फूट लांब, ४ फूट रुंद आणि तेवढीच उंच. सहा टन एकदम मावत नसतील तर तीन-तीन टन दोनदा मागवा. पिशव्या थेट काँक्रीटवर ठेवू नका, खाली लाकडी फळ्यांचा सांगाडा (पॅलेट) असू द्या. ओल लागली की कांडी फुगते आणि पुन्हा भुसा होते, वाळवून परत वापरता येत नाही.

ट्रकमधून पाइपाने सुटे पेलेट भरून घेण्याची सोय काही गावांत आहे. उचलाउचल वाचते, पाठीचा त्रास असलेल्यांनी जरूर चौकशी करावी. सावधान, आणि हे दोनदा वाचा : बंद कोठारात साठवलेल्या पेलेटमधून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो. कोठाराला वायुवीजन असलंच पाहिजे. आत डोकं घालून पाहू नका, मुलांना त्याच्या आसपास खेळू देऊ नका.

आता यंत्र

१७. तीन फर्नेसची नावं लिहा. नावं दुकानातून घेऊ नका, अमेरिकन पर्यावरण संस्था ईपीएच्या प्रमाणित यंत्रांच्या यादीतून घ्या. मे २०२० पासून तिथे कडक मर्यादा लागू आहे : स्टोव्हसाठी ताशी २ ग्रॅम धूलिकण, गरम हवेच्या फर्नेससाठी दर दहा लाख बीटीयूला ०.१५ पौंड. कार्यक्षमता ७५ टक्क्यांच्या वरची पाहा. सावधान : स्वस्तात मिळणारी जुनी, बिनपाटीची फर्नेस घेऊ नका. गावाची परवानगीही मिळणार नाही आणि सुटे भागही.

१८. प्रत्येक नावापुढे एकच गोष्ट लिहा : बिघडली तर कोण येणार आणि किती मैलांवरून?

या पायरीवर दोन दिवस खर्च करा. माझ्या मते निवड इथेच होते, बाकी सगळं गाळणी. पेलेट फर्नेस रेफ्रिजरेटरसारखी नाही, की आणली, लावली आणि विसरली. तिच्यात फिरणारं मळसूत्र आहे, दोन-तीन पंखे आहेत, दाब ओळखणारा स्विच आहे, दाराची गॅस्केट आहे. यांतलं एखादं दर दोन-चार वर्षांनी काम काढणारच. प्रत्येक विक्रेत्याला फोन करा आणि हे प्रश्न याच क्रमाने विचारा : “तुमचा स्वतःचा मेकॅनिक आहे का? जानेवारीत फोन केला तर किती दिवसांत येतो? पेटवणारी कांडी आणि मळसूत्राची मोटर तुमच्या फळीवर आज आहे का? वर्षाच्या सफाईचे किती घेता?” चौथ्या प्रश्नापर्यंत उत्तरं गोलमाल झाली तर नाव खोडा. आमच्या गावाजवळ एका घरी फार देखणी फर्नेस आली होती, पण तिचा मेकॅनिक तीन तासांवर. पहिल्याच फेब्रुवारीत मोटर गेली आणि त्या घराने बारा दिवस हीटर लावून काढले. देखणेपणापेक्षा वीस मैलांवरचा मेकॅनिक मोलाचा.

१९. चालू असलेली फर्नेस जाऊन पाहा. विक्रेत्याला सांगा, तुमच्या एखाद्या गिऱ्हाइकाच्या घरी दाखवा. जिन्यावर उभे राहून आवाज ऐका, मग वरच्या खोलीत जाऊन ऐका.

२०. बंद फर्नेसची सफाई स्वतःच्या हाताने करून पाहा. दुकानातली चालेल. दार उघडा, जाळाची वाटी बाहेर काढा, खरवडा, राखेचा ट्रे ओढा, पुन्हा बसवा. घड्याळ लावा. रोजचं हे काम पाच मिनिटांत झालं पाहिजे. स्क्रू ड्रायव्हर मागावा लागला तर ती फर्नेस नको, कारण डिसेंबरच्या पहाटे तो हाताशी नसतो.

२१. पेलेटच्या पिशवीवरचं लेबल वाचा. ‘प्रीमियम’ दर्जासाठी इथल्या पेलेट फ्युएल्स इन्स्टिट्यूटची अट आहे : राख १ टक्क्यापर्यंत, ओलावा ८ टक्क्यांपर्यंत, पिशवीतला भुसा अर्ध्या टक्क्यापर्यंत. राखेचा फरक छोटा समजू नका. सहा टनांवर एक टक्का म्हणजे १२० पौंड राख, अर्धा टक्का म्हणजे ६०. कमी राखेचे पेलेट थोडे महाग पडले तरी घ्या. मग मूठभर कांड्या तळहातावर चोळा. तळव्याला जाड भुसा चिकटला तर तो माल परत करा. आणि विक्रेत्याला विचारा, ही फर्नेस फक्त उंची पेलेटवरच चालते की साध्यावरही? काही वर्षं हिवाळ्यात हवा तो माल मिळत नाही.

कागदपत्रं

२२. तीन ठिकाणचे भाव लेखी घ्या. प्रत्येकात फर्नेस, पाइप, भिंतीतून जाणारा जोड, बाहेरच्या हवेची नळी, डक्टची जोडणी आणि झडप, विजेचं काम, परवानगीची फी, पहिल्या वर्षाची सफाई या ओळी वेगवेगळ्या हव्यात. सावधान : एकच ठोक आकडा दिला असेल तर नंतर “हे त्यात नव्हतं” ऐकावं लागतं.

२३. सवलतींची चौकशी स्वतः करा. केंद्र सरकारची ३० टक्के, कमाल २,००० डॉलरची करसवलत २०२५ च्या अखेरीला संपली. कोणी अजून ती धरून भाव सांगत असेल तर ती रक्कम खोडायला लावा. राज्यांच्या योजना बदलत राहतात. मेनमध्ये ‘एफिशियन्सी मेन’, व्हरमाँटमध्ये ‘एफिशियन्सी व्हरमाँट’ यांना फोन लावा. पैसे भरण्याआधी लावा, काही योजनांना आधी मंजुरी लागते.

२४. गावाच्या बिल्डिंग इन्स्पेक्टरकडे किंवा अग्निशमन खात्याकडे परवानगी मागा. कोणाकडे मागायची हे गावागावांत वेगळं असतं. तपासणीची तारीखही तेव्हाच विचारून ठेवा.

२५. घराच्या विमा कंपनीला ईमेल करा. फर्नेसचं नाव, नमुना आणि कोण बसवणार ते लिहा. उत्तर लेखी घ्या. फोनवरचं “काही हरकत नाही” दाव्याच्या वेळी उपयोगी पडत नाही.

२६. ऑर्डर द्या, पण पैसे तीन हप्त्यांत : थोडे आज, थोडे फर्नेस आल्यावर, उरलेले तपासणी पास झाल्यावर. बसवणारा नॅशनल फायरप्लेस इन्स्टिट्यूटचं पेलेटचं प्रमाणपत्र असलेला असेल तर उत्तम.

पहिला जाळ

२७. पेटवण्याआधी प्रत्येक मजल्यावर कार्बन मोनॉक्साइडचा आणि धुराचा अलार्म लावा. बटण दाबून आवाज ऐका.

२८. सप्टेंबरात, खिडक्या उघड्या ठेवून पहिल्यांदा पेटवा. नव्या रंगाचा वास येतो, तो एक-दोन जाळांत जातो. ज्योत पिवळी आणि तरतरीत हवी. केशरी, आळशी, टोकाला काळपट दिसली तर हवा कमी पडते आहे, बसवणारा तिथेच असताना दुरुस्त करून घ्या.

२९. राखेसाठी झाकणाची लोखंडी बादली घ्या. ती भरली की अंगणात, दगडावर किंवा मातीवर ठेवा. डेकवर नाही, गॅरेजमध्ये नाही, पुठ्ठ्याच्या खोक्यात तर कधीच नाही. थंड वाटणाऱ्या राखेत निखारा काही दिवस जिवंत राहतो. घरच्या साध्या व्हॅक्यूमने राख ओढू नका.

३०. ऑइलची यंत्रणा काढू नका, तिचा थर्मोस्टॅट ६० वर लावून ठेवा. पेलेटचा ६८ वर. हॉपर रिकामा झाला, मोटर अडकली, तरी वीज आहे तोवर घर ६० च्या खाली उतरणार नाही.

आणि डिसेंबरात महिनाभर पुण्याला, नाशिकला, कोल्हापूरला जाणार असाल, तर पेलेट फर्नेसच्या भरवशावर घर सोडून जाऊ नका. भरलेला हॉपर कडाक्याच्या थंडीत जेमतेम एक दिवस पुरतो, त्यानंतर नळ गोठतात आणि फुटतात. निघायच्या आदल्या दिवशी हॉपर संपू द्या, फर्नेस झाडून बंद करा, ऑइलचा थर्मोस्टॅट ५५ वर आणा. २७५ गॅलनची टाकी निदान अर्धी भरलेली असू द्या. घराचं मुख्य पाणी बंद करा, शेजाऱ्यांकडे किल्ली द्या, आणि आठवड्यातून एकदा तळघरात डोकावायला सांगा.